पक्ष्यांची खतावणी

बार्शीच्या भुसार बाजारातील एका जुन्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणीच्या ओळीत लाल कापडी बांधणीची आणखी एक चोपडी उभी असते. अनोळखी माणसाने ती काढून उघडली, तर आत तुरीचे भाव किंवा येणेकऱ्यांची यादी असेल अशीच त्याची अपेक्षा असणार. प्रत्यक्षात पहिल्याच पानावर निळ्या अंगाचा, लाल चोचीचा, लांब शेपटीचा एक हिमालयीन पक्षी दिसतो. तो २० पैशांच्या टपाल तिकिटावरचा आहे. शेजारी तांबड्या शाईने आखलेले रकाने आहेत : तिकीट केव्हा निघाले, किती किमतीचे, कोणाच्या पाकिटावरून आले. शेवटच्या रकान्याच्या माथ्यावर एकच शब्द लिहिलेला आहे, ‘बाकी’.

साऱ्या बाजारात अण्णा या नावाने ओळखले जाणारे पेढीचे मालक आता पंचाहत्तरीत आहेत. तिकिटांच्या संग्राहकांमध्ये विषय निवडून संग्रह करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. कोणी रेल्वे घेतो, कोणी फुले, कोणी थोर पुरुष. त्यांत पक्ष्यांचा विषय जगभर लोकप्रिय आहे, कारण पक्षी नाही असा देश नाही आणि पक्ष्याचे तिकीट काढले नाही असा देश शोधावा लागेल. परंतु संग्रहाला खतावणीचे रूप देऊन प्रत्येक पक्ष्याच्या नावे ‘बाकी’ काढणारा संग्राहक विरळाच. या रकान्यात अण्णा तो पक्षी आज कोठे आहे, किती उरला आहे, याची मिळेल ती खात्रीची नोंद करतात आणि दर दिवाळीस, वहीपूजनाच्या आधी, एकवार ती ताडून पाहतात.

आरंभ १९६९ च्या जानेवारीत झाला. त्या काळी पेढीवर येणारी बहुतेक पत्रे म्हणजे पोस्टकार्डे आणि आंतरदेशीय पत्रे. त्यांवरचे तिकीट छापीलच असे. चिकटवलेले तिकीट यायचे ते पाकिटावर, आणि पाकीट यायचे ते नमुना, बिल किंवा हुंडी असली तर. राजकोटच्या एका अडत्याच्या पाकिटावर तो निळा पक्षी आला. भारतीय टपाल खात्याने ३१ डिसेंबर १९६८ रोजी चार पक्ष्यांचा जो संच काढला, त्यातील हे सर्वांत कमी किमतीचे तिकीट. उरलेली तीन, म्हणजे ५० पैशांचा सुतारपक्षी, एक रुपयाचा वक्र चोचीचा सातभाईच्या कुळातला पक्षी आणि दोन रुपयांचा सूर्यपक्षी, पेढीच्या टपालात आली नाहीत. येणारही कशी? साध्या पाकिटाला २० पैसे पुरत असताना दोन रुपयांचे तिकीट लावून व्यापाऱ्याला कोण पत्र पाठवील!

या साध्या गोष्टीत संग्राहकाला उपयोगी पडेल असे एक सूत्र दडलेले आहे. कमी किमतीचे तिकीट लक्षावधी पाकिटांवरून घरोघर जाते. चढ्या किमतीचे मोजक्या पार्सलांवर आणि परदेशी टपालावर जाते. १९७५ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या दुसऱ्या संचाचेही असेच झाले. २५ पैशांचा नवरंग अण्णांकडे एकाच वर्षात अकरा वेळा आला. ५० पैशांचा काळ्या डोक्याचा हळद्या दोनदा आला. एक रुपयाचा ट्रॅगोपान, ज्याला हिमाचलात जुजुराना म्हणतात, आणि दोन रुपयांचा मोनाल हे दोघे अखेर सोलापूरच्या मुख्य टपाल कचेरीतून रोख पैसे देऊन आणावे लागले. ‘दोन रुपयांत चार शेर ज्वारी येते,’ असे वडील त्या वेळी म्हणाल्याचे अण्णा अजून सांगतात. भावाच्या बाबतीत वडील थोडे वाढवून बोलत असावेत. पण वडिलांचा मुद्दा त्यांना पटला होता आणि तिकीटही हवे होते.

तिकिटावर पक्षी येण्याची परंपरा खुद्द तिकिटाइतकीच जुनी आहे. इंग्लंडात १८४० साली पहिले चिकटवायचे तिकीट निघाले. पाचच वर्षांनी, १८४५ च्या जुलैमध्ये, स्वित्झर्लंडमधील बाझल या कँटनने अडीच रापेनचे तिकीट काढले. त्यावर चोचीत पत्र धरलेले पांढरे कबुतर कागदावर उठावाने उमटवलेले आहे. पुढे १८५४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपल्या पहिल्या तिकिटावर तेथील काळा हंस घेतला. त्याच मालिकेतील चार पेनीच्या तिकिटाची एक चूक संग्राहकांत अतिशय प्रसिद्ध आहे. त्यावरील हंस उलटा छापला गेला असे सर्वजण म्हणतात. वस्तुतः हंस सुलटाच आहे, भोवतालची चौकट उलटी पडली आहे. जे सरळ उभे आहे त्यालाच लोक उलटे म्हणू लागतात, हे बाजारात बसणाऱ्याला नवे नाही.

हा छंद घरातील मुलांना लावू इच्छिणाऱ्या पालकांना एक गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे : ही गुंतवणूक नव्हे. ‘पुढे लाखो रुपये येतील’ या आशेने तिकिटांची पुडकी विकत घेणारे बहुधा निराश होतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आखाताच्या किनाऱ्यावरील शारजा, अजमान, उम्म अल कुवैन अशा छोट्या अमिरातींच्या नावाने मोठी, झगझगीत तिकिटे भरमसाट छापली गेली. त्यांत पक्षीही पुष्कळ होते. त्यांतील बहुतेकांना टपालाच्या पेटीचे दर्शनही घडले नाही. ती संग्राहकांच्या खिशासाठीच जन्मली होती. काहींवर तर छापखान्यातच शिक्का मारलेला असे. जाणकार लोक त्यांना वाळूची टेकाडे म्हणतात आणि पुढे जातात. आजही शेकड्याच्या भावाने मिळणाऱ्या पाकिटांत हीच निघतात. मुलांनी ती रंगांसाठी जरूर घ्यावीत, परंतु किमतीच्या आशेने घेऊ नयेत.

त्यापेक्षा जवळच्या मुख्य टपाल कचेरीत फिलाटेली डिपॉझिट खाते उघडणे चांगले. किमान २०० रुपये जमा ठेवले की नवी तिकिटे निघताच घरपोच येतात आणि त्यांची किंमत खात्यातून वळती होते. खाते मुलाच्या नावाने उघडावे. शिल्लक कमी झाली की भरणा करण्याची सवय त्यालाच लागते. इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श ही शिष्यवृत्तीही २०१७ पासून आहे. देशभरात ९२० विद्यार्थ्यांना वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. त्यासाठी प्रश्नमंजूषा असते, आणि एक प्रकल्पही करावा लागतो. आपल्या समाजातील घरांमध्ये व्यापारशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांची माहिती तोंडपाठ असते. हिची क्वचितच असते.

हाच प्रकल्प करण्यासाठी अण्णांची आठवीतील नात मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून बार्शीला आली. तिला तिकिटे हवी होती. अण्णांनी तिच्या हाती चोपडीच दिली, एक चिमटा दिला आणि बोटे लावायची नाहीत एवढीच अट घातली. बोटांचे तेल कागदावर उतरते आणि काही वर्षांनी तपकिरी ठसा होऊन वर येते, हे तिला पहिल्या पानावरच्या एका कोपऱ्यात दिसलेच. ते बोट अठरा वर्षांच्या अण्णांचे होते.

मुलीला तिकिटांपेक्षा शेवटच्या रकान्यात अधिक गोडी वाटू लागली. प्रत्येक पानावर ती एकच प्रश्न विचारी : ‘अण्णा, याची बाकी किती?’

गुलाबी डोक्याच्या बदकाच्या पानावर बाकी शून्य होती. पण त्या पानावर तिकीटही नीट नव्हते. नोव्हेंबर १९९४ मध्ये टपाल खात्याने संकटग्रस्त पाणपक्ष्यांची चार तिकिटे एकमेकांस जोडून काढली : एक रुपयाचे अंदमानी बदक, दोन रुपयांचा पांढरा करकोचा, आठ रुपयांचा काळ्या मानेचा क्रौंच आणि अकरा रुपयांचे हे गुलाबी डोक्याचे बदक. छपाईची शाई पाण्यात विरघळणारी निघाली आणि संच तातडीने विक्रीतून मागे घेण्यात आला. अण्णांना हे तेव्हा ठाऊक नव्हते. मुंबईच्या एका मित्राने चारही तिकिटे रजिस्टर पाकिटावर लावून पाठवली होती. अण्णांनी नेहमीच्या रीतीने पाकिटाचा तुकडा कापून कोमट पाण्याच्या ताटलीत उलटा ठेवला, कारण पंधरा-वीस मिनिटांत डिंक सुटतो आणि तिकीट आपोआप वेगळे होते. ते गिऱ्हाइकाशी बोलून परत आले, तेव्हा ताटलीतील पाणी रंगले होते. टिपकागदावर चार फिकट आकृत्या उमटल्या. बदकाचे डोके गुलाबी राहिले नव्हते.

दुसरा कोणी असता तर त्याने ते तुकडे फेकून दिले असते. अण्णांनी ते तसेच चोपडीत लावले. कोरा संच पुढे एका प्रदर्शनात त्यांना विकत मिळाला असता. पण तो त्यांनी घेतला नाही. बिहार, बंगाल, आसामच्या दलदलीत एके काळी आढळणारे हे बदक १९५० नंतर कोणी खात्रीने पाहिलेले नाही. ‘पानावर जसे आहे तसेच शेतात आहे,’ असे ते नातीला म्हणाले. वाचकांपैकी कोणाकडे हा संच असेल तर त्यांनी तो कोरडाच ठेवावा, आणि पाकिटावर असेल तर पाकिटासकट ठेवावा. एरवीही १९९० नंतरची तिकिटे भिजवण्याआधी एक जादा प्रत तपासून पाहणे शहाणपणाचे.

पुढच्या पानाने मुलीला हसवले. तेथे बाकीच्या रकान्यात अण्णांनी प्रथम ‘बुडीत’ असे लिहिलेले होते आणि नंतर त्यावर एकच रेघ ओढून खाली लिहिले होते : ‘वसूल’. तिकीट १९८८ चे, एक रुपयाचे; त्यावर जेर्डनचा धाविक. हा पाय लांब असलेला, झुडपांच्या माळावर रात्री पळणारा लहानसा पक्षी. जेर्डन या इंग्रज डॉक्टरने त्याची पहिली नोंद १८४८ मध्ये केली. १९०० साली अनंतपूरच्या बाजूस तो एकदा दिसला आणि नंतर दिसलाच नाही. पक्षिशास्त्रज्ञांनी तो संपला असे धरून टाकले. पण आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात पक्षी पकडणाऱ्या स्थानिक लोकांना तो ठाऊक होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने त्याचे चित्र गावोगाव दाखवून विचारपूस चालू ठेवली, आणि जानेवारी १९८६ मध्ये तो पुन्हा हाती लागला. शहाऐंशी वर्षे बुडीत खाती टाकलेले येणे वसूल झाले, असे बाजारात कधी घडत नाही. पण दोन वर्षांत त्याचे तिकीट निघाले, त्याच सुमारास त्या जंगलाला अभयारण्याचे संरक्षणही मिळाले. वसुली झाली म्हणून निर्धास्त राहण्यासारखी स्थिती मात्र नाही. हा पक्षी आजही जगातील अत्यंत दुर्मिळ पक्ष्यांत गणला जातो, आणि ‘वसूल’ या शब्दापुढे अण्णांनी एक लहानसे प्रश्नचिन्ह शिसपेन्सिलीने काढून ठेवले आहे.

खाडाखोड न करण्याचा नियम या चोपडीतही पेढीसारखाच आहे. चुकीची नोंद खरवडायची नाही, पांढऱ्या शाईने झाकायची नाही. तीवर एक रेघ ओढायची, खाली बरोबर नोंद लिहायची आणि आद्याक्षरी घालायची. जुनी नोंद वाचता आली पाहिजे. ज्या वहीत मागचे वाचता येत नाही, त्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

माळढोकाच्या पानावर अशा रेघांची शिडीच झाली आहे. हे तिकीट १ नोव्हेंबर १९८० चे, २ रुपये ३० पैशांचे. जयपूरला माळढोकांविषयी आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला, त्या निमित्ताने निघालेले. हा पक्षी अण्णांना परका नाही. बार्शीहून सोलापूरला जाताना वाटेत नान्नज लागते, आणि तेथील माळावर १९७९ मध्ये या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. त्या काळात पेढीच्या कामाला जाताना मोटारीच्या खिडकीतून तो दिसल्याचे अण्णा सांगतात : उंच मान, पांढरा गळा आणि घाई नसलेली चाल. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या मते भारताचा राष्ट्रीय पक्षी होण्याचा मान माळढोकाचा होता. १९६३ मध्ये तो मोराला मिळाला. मोर सुखरूप आहे. माळढोक देशभर मिळून दीडशेही उरलेले नाहीत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूस आहेत.

त्याची कारणे समजण्यास पक्षिशास्त्र लागत नाही. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळरानाला आपण पडीक जमीन म्हणतो. पडीक म्हटले की ती नांगरण्यास, विकण्यास किंवा तीवर काही उभारण्यास सगळे मोकळे. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, त्याला उडताना समोरचे नीट दिसत नाही आणि वाटेत विजेच्या तारा येतात. या तारा जमिनीखालून नेण्याचा प्रश्न २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये तो आदेश पुन्हा बदलला; सौर विजेचीही देशाला गरज आहे, आणि या वादात कोणतीही बाजू सोपी नाही. दरम्यान सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे, आणि अण्णांच्या शिडीची शेवटची पायरी तीच आहे. नान्नजच्या माळावर मात्र आज एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

एका पानाशी मात्र मुलगी थांबली, कारण त्या पानावरील नोंद चुकीची होती आणि तीवर रेघ नव्हती.

तिकीट १९८३ च्या फेब्रुवारीतील, २ रुपये ८५ पैशांचे : भरतपूरचा सायबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा. बाकीच्या रकान्यात निळ्या शाईत, अण्णांच्या हस्ताक्षरात नव्हे, तर गोल, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिले होते : ‘दर हिवाळ्यात येतात.’

मुलीने प्रकल्पासाठी वाचन केले होते. सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून हे क्रौंच अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हजारो किलोमीटर उडून राजस्थानातील भरतपूरला येत. १९६४-६५ च्या हिवाळ्यात तेथे सुमारे दोनशे मोजले गेले होते. पुढे वाटेवर शिकार झाली, अफगाणिस्तानात युद्ध चालले, मुक्कामाची तळी सुरक्षित राहिली नाहीत. संख्या दरवर्षी उतरत गेली. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली. त्यानंतर कोणीच आले नाही. जगातून हा पक्षी संपलेला नाही. त्याचा पूर्वेकडील मोठा थवा अजून चीनमधील पोयांग सरोवरावर हिवाळा काढतो. भरतपूरची वाट मात्र कोणाला आठवणारा पक्षीच उरला नाही.

‘अण्णा, हे चुकीचे आहे,’ ती म्हणाली. ‘तुम्ही दर दिवाळीला बाकी ताडता ना? वीस वर्षांहून जास्त झाली.’

अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि ‘ठाऊक आहे’ एवढेच म्हटले.

अक्षर आजीचे होते. १९८४ च्या जानेवारीत ती दोघे श्रीमहावीरजीच्या यात्रेला गेली होती. तेथून भरतपूर रेल्वेने जवळच. यात्रेनंतर सरळ घरी परतण्याचा बेत होता. परंतु तिकीट चोपडीत लावलेले असताना पक्षी न पाहता परत जाणे अण्णांना जमेना, आणि आजीलाही जमले नाही. थंडीत भल्या पहाटे सायकलरिक्षाने ती दोघे आत गेली. पाण्यापलीकडे धुक्यात पांढरे ठिपके होते. रिक्षावाल्याने सांगितले, ‘हर साल आते हैं, जी.’ घरी आल्यावर आजीने आपल्या हाताने ती ओळ लिहिली. साऱ्या चोपडीत तिचे अक्षर एवढेच. आजी २००९ मध्ये गेली.

मुलगी काही वेळ गप्प बसली. मग तिने जे विचारले ते तिच्या वयाला शोभणारेच होते. ‘मग मी प्रकल्पात काय लिहू? तुमच्या वहीतले की खरे?’

दुपारची वेळ होती. बाजार मंदीत होता, हमाल पोत्यांच्या सावलीत आडवे झाले होते. अण्णांनी गल्ल्यातून तांबड्या शाईची लेखणी काढली, पट्टी घेतली. पट्टी ओळीवर ठेवून ते बराच वेळ तसेच थांबले. मग त्यांनी रेघ ओढली, एकच आणि अगदी बारीक, अक्षरांच्या मधोमध न ओढता किंचित खालून, म्हणजे ओळ पूर्ण वाचता यावी. खाली लिहिले : ‘२००१-०२ च्या हिवाळ्यापर्यंत.’ आद्याक्षरी घातली, तारीख घातली. पट्टी पुसून जागेवर ठेवली.

‘वाचता येते ना वरचे?’ त्यांनी विचारले.

‘येते,’ मुलगी म्हणाली.

पुढे फारशी पाने उरली नव्हती. १९९२ च्या संचातील चार शिकारी पक्षी, १९९६ मधील सालिम अलींच्या जन्मशताब्दीचे तिकीट, २००६ मधील तणमोर. त्यांच्यावरून ती भराभर गेली. त्यांच्या नोंदी ताज्या होत्या. अखेरीस जुलै २०१० मधील पाच-पाच रुपयांची जोड तिकिटे आली. एकावर कबुतर, दुसऱ्यावर चिमणी. त्याच वर्षापासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जाऊ लागला. त्याची सुरुवात नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने केली, हे तिला शाळेमुळे ठाऊक होते. कबुतराच्या रकान्यात अण्णांनी ‘भरपूर’ असे लिहून ठेवले होते. चिमणीचा रकाना कोरा होता.

‘हा का भरला नाही?’

‘रोज दिसतात, म्हणून राहून गेले,’ अण्णा म्हणाले.

मुलगी चोपडी घेऊन उठली आणि पेढीच्या ओट्यावर गेली. सकाळच्या मापात सांडलेली ज्वारी तेथे होती. ती खांबाशी न हलता उभी राहिली, बोटांवर मोजत. एकदा हमाल कुशीवर वळला आणि सगळ्या चिमण्या पत्र्यावर गेल्या. तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. मग आत येऊन तिने अण्णांकडून लेखणी मागून घेतली.

‘सात,’ ती म्हणाली. ‘तारीख आजची घालू?’

‘घाल,’ अण्णा म्हणाले, ‘आणि आद्याक्षरी तुझी.’